जुन्या शिडाच्या बोटीचे वायरिंग नव्याने करताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पावसाळा तोंडावर आला की बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि त्यांच्या शेजारी आमच्यासारख्या हौशी मंडळींच्या एकदोन शिडाच्या बोटीही लाकडी टेकूंवर उभ्या राहतात. वीस-पंचवीस वर्षांची फायबरची बोट नुकतीच विकत घेतलेला माणूस पहिल्या रविवारी जुन्या वायरी ओरबाडून काढतो, दुसऱ्या रविवारी घरगुती वायरीची गुंडाळी घेऊन येतो आणि तिसऱ्या रविवारी कोणती वायर कुठे जात होती हे आठवत बसतो. हा क्रम जवळजवळ उलटा हवा. वायर तोडण्याचे काम चौथ्या टप्प्यावर येते, पहिल्या नव्हे.

येथे २४ ते ३२ फुटांची, आत लहान डिझेल इंजिन असलेली आणि १२ व्होल्ट डीसीवर चालणारी बोट गृहीत धरली आहे. किनाऱ्यावरून बोटीत घ्यायची २३० व्होल्टची जोडणी या लेखाच्या कक्षेबाहेर आहे. ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, त्यात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याची खात्री करावी आणि त्या वायरी १२ व्होल्टच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून कधीही नेऊ नयेत.

१. काहीही न तोडता नकाशा काढणे

बॅटरी जोडलेली आणि जुने वायरिंग जसेच्या तसे असताना एकाने पॅनेलपाशी बसावे व दुसऱ्याने बोटीत फिरावे. एकेक स्विच चालू करून काय पेटते, काय फिरते आणि काहीच होत नसेल तर ती वायर कुठवर जाते, हे वहीत लिहावे. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक द्यावा. कागदी चिकटपट्टी मे महिन्याच्या घामाने आणि दमट हवेने आठवड्यात गळून पडते, म्हणून क्रमांक छापलेल्या प्लास्टिकच्या रिंगा वापराव्यात.

प्रत्येक जुन्या बोटीत दोनचार वायरी अशा सापडतात की त्या कशाच्या आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. त्यांना 'अनोळखी १', 'अनोळखी २' अशी नावे द्यावीत आणि उलगडा होईपर्यंत तशाच ठेवाव्यात. माझ्या बोटीतली अशी एक वायर अखेर बिल्ज पंपाच्या (बिल्ज म्हणजे पाणी साचणारा बोटीचा तळ) फ्लोट स्विचची, म्हणजे पाणी वाढले की पंप आपोआप चालू करणाऱ्या स्विचची निघाली. पंप पॅनेलवरून चालत होता म्हणून मी ती निरुपयोगी ठरवून टाकली होती.

याच फेरीत प्रत्येक उपकरण प्रत्यक्ष किती अँपिअर घेते हे डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने मोजावे. उपकरणावर छापलेला आकडा आणि जुन्या मोटरचा खरा आकडा यांत पुष्कळदा तफावत असते. मोजलेल्या आकड्यांवरून नांगरावर काढायच्या एका रात्रीचा हिशेब मांडता येतो. माझ्याकडे नांगराचा एलईडी दिवा ०.२ अँपिअर १२ तास, दोन पंखे प्रत्येकी ०.८ अँपिअर ९ तास, ऐकत ठेवलेला व्हीएचएफ रेडिओ ०.४ अँपिअर १२ तास, केबिनचे दिवे १ अँपिअर ४ तास आणि फोन चार्जिंग २ अँपिअर ४ तास, असे मिळून सुमारे ३४ अँपिअर-तास होतात. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून किमान ६८ आणि व्यवहारात १०० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. पंखे वगळून केलेला हिशेब आपल्याकडच्या मे महिन्यात कोणी पाळत नाही, हे लक्षात ठेवावे.

तपासणी: नकाशा घरी आणून, बोट न पाहता, प्रत्येक वायर बॅटरीपासून उपकरणापर्यंत आणि तिथून परत बॅटरीपर्यंत बोटाने दाखवता आली पाहिजे. जिथे बोट अडखळते तिथे नकाशा अपुरा आहे.

२. वायरीची जाडी ठरवणे

घरातल्या २३० व्होल्टच्या सवयीमुळे सर्वांत मोठी फसगत येथे होते. घरी अर्धा व्होल्ट वाटेत हरवला तर कोणाला कळतही नाही. बोटीत तोच अर्धा व्होल्ट म्हणजे चार टक्क्यांहून अधिक घट असते. जहाजदिवे, रेडिओ आणि पॅनेलची मुख्य वायर यांसाठी ही घट ३ टक्क्यांच्या आत ठेवावी. केबिनचे दिवे आणि पंखे यांना १० टक्क्यांपर्यंत चालते.

तांब्याच्या वायरीसाठी सूत्र सोपे आहे: जाण्याची आणि येण्याची मिळून मीटरमधली लांबी गुणिले अँपिअर गुणिले ०.०१७५, भागिले वायरीचे चौरस मिलिमीटरमधले क्षेत्रफळ. उत्तर व्होल्टमध्ये येते. डोलकाठीच्या टोकावरच्या दिव्यापर्यंत १४ मीटर अंतर असेल तर लांबी २८ मीटर धरायची. परतीची वायर विसरून १४ धरणे ही पहिली चूक. तिथे २५ वॅटचा जुना बल्ब, म्हणजे सुमारे २ अँपिअर असेल, तर दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाच्या) वायरीत ०.६५ व्होल्ट, म्हणजे ५ टक्क्यांहून जास्त घट होते आणि बल्बचा प्रकाश त्याहून कितीतरी अधिक मंदावतो. अडीच एमएमलाही ती ३ टक्क्यांच्या किंचित वर राहते, म्हणजे चार एमएम घ्यावी लागते. तोच दिवा ०.२ अँपिअरचा एलईडी असेल तर दीड एमएमच्या वायरीत घट अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. म्हणून दिवे बदलायचे असतील तर तो निर्णय वायर विकत घेण्याआधी करावा.

फ्यूज हा वायरीच्या रक्षणासाठी असतो, त्यामुळे त्याचा आकडा वायरीला झेपेल त्याहून मोठा कधीच नसावा. दीड एमएमला १० अँपिअर, अडीच एमएमला १५ आणि चार एमएमला २० ही मर्यादा मी पाळतो. उपकरणाच्या निर्मात्याने याहून लहान फ्यूज सांगितला असेल तर तो लहानच घालावा.

३. सामान: बिल्डिंग वायर बोटीत चालत नाही

घरासाठी मिळणाऱ्या वायरीतले तांबे उघडे असते. खाडीवरच्या खाऱ्या दमट हवेत ओल टोकाकडून तंतूंमधून आत ओढली जाते आणि तांबे आवरणाखालीच काळे पडते. अशी दोनतीन वर्षे जुनी वायर टोकापासून अर्धा फूट आत सोलून पाहावी: आतली काजळी बोटाला लागते, तिच्यावर सोल्डर धरत नाही आणि दाबलेला लगही (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे टर्मिनल) नीट पकडत नाही. बोटीसाठी कथील चढवलेल्या बारीक तंतूंची वायर लागते. दुकानात 'टिन्ड कॉपर, मल्टिस्ट्रँड' असे स्पष्ट सांगावे आणि एक टोक सोलून तंतू चंदेरी आहेत का हे तिथेच पाहावे. मुंबईत लोहार चाळीत विचारल्यास ती मिळते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक पुरवठादारांकडेही चौकशी करावी, मात्र तिथे बहुधा पूर्ण रीळ घ्यावे लागते. एकाच तंतूची कडक वायर फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण इंजिनाच्या थरथरीने ती टर्मिनलपाशी तुटते.

रंगांबाबत एक सूचना आहे. पॉझिटिव्ह लाल असावी, पण निगेटिव्ह काळी न ठेवता पिवळी ठेवावी. आपल्याकडे २३० व्होल्टच्या कामात न्यूट्रल काळी असते, आणि पुढे कधी किनाऱ्यावरची वीज बोटीत आली तर काळ्या वायरींची ही सरमिसळ जिवावर बेतू शकते.

याखेरीज आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी), कथील चढवलेले गोल तोंडाचे लग, रॅचेटची क्रिम्पिंग पक्कड (लग वायरीवर दाबणारी, दाब पूर्ण झाल्यावरच सुटणारी) आणि डीसीसाठी बनवलेले ब्रेकर घ्यावेत. घरातली एमसीबी एसीसाठी असते. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने तिथली ठिणगी सहज विझते. डीसीत तशी उसंत मिळत नाही आणि चुकीच्या ब्रेकरचे संपर्क हळूहळू जळत जातात. पक्कड मात्र चांगली घ्यावी. या कामात पैसे वाचवण्याची ती जागा नाही.

४. जुने वायरिंग काढणे

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढावी, मग पॉझिटिव्ह. जोडताना याच्या उलट करावे. पॉझिटिव्ह सैल करताना पाना इंजिनाला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेली असली तर काय होते हे पान्यावर पडलेल्या खाचेवरून कळते. सोलर पॅनेल असेल तर ते सर्वांत आधी झाकून किंवा सोडवून ठेवावे, आणि नंतर जोडताना रेग्युलेटरला प्रथम बॅटरी व मग पॅनेल लावावे.

प्रत्येक जुनी वायर ओढून काढताना तिच्या मागच्या टोकाला मजबूत नायलॉनची दोरी बांधावी, म्हणजे वायर बाहेर येताना दोरी तिच्या जागी आत जाते. पहिल्या वेळी मी डोलकाठीतल्या तिन्ही वायरी पायथ्याशी एका झटक्यात कापल्या आणि मग वरून ओढल्या. नवी वायर आत घालण्यासाठी डोलकाठी आडवी करून शेवटी सायकलची साखळी दोरीला बांधून आत सोडावी लागली आणि त्यात एक पूर्ण रविवार गेला.

इशारा: बोट टेकूंवर असताना ड्रिल चालवण्यासाठी जवळून २३० व्होल्टची एक्स्टेंशन घेतली जाते आणि खाली ओला चिखल असतो. आरसीसीबी नसलेल्या जोडणीवर काम करू नये.

५. बॅटरी, मुख्य फ्यूज आणि मुख्य स्विच

इंजिन चालू करण्याची बॅटरी आणि घरगुती वापराची बॅटरी वेगळ्या असाव्यात. दोन्ही बॅटऱ्या ॲसिड सहन करणाऱ्या खोक्यांत, पट्ट्याने घट्ट बांधून आणि वरून हवा खेळेल अशा ठेवाव्यात, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. शिडावर बोट कलतेच, पण आपल्या खाडीत ओहोटीला ती चिखलावर बसून तासन्‌तास एका कुशीवर पडून राहते. नुसती कोपऱ्यात अडकवलेली बॅटरी अशा वेळी सरकते.

घरगुती बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज बसवावा. तो पॅनेलपाशी बसवणे ही फार रूढ चूक आहे, कारण मग बॅटरी ते पॅनेल हा सर्वांत जाड आणि घासला जाण्याची सर्वाधिक शक्यता असलेला तुकडा पूर्णपणे असंरक्षित राहतो. इंजिन चालू असताना मुख्य स्विच बंद करू नये, अल्टरनेटरचे (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड जळतात. तशी पाटी स्विचजवळ लावावी, कारण बोटीवर आलेल्या पाहुण्यांना हे माहीत नसते.

लिथियम बॅटरी बसवण्याचा मोह याच वेळी होतो. तिचे चार्जिंग आणि अल्टरनेटरवर येणारा भार हा स्वतंत्र विषय आहे आणि वायरिंगच्या पहिल्या फेरीत तो मिसळू नये.

६. पॅनेल आणि निगेटिव्ह बसबार

प्रत्येक उपकरणाची निगेटिव्ह स्वतंत्रपणे एका बसबारवर (अनेक वायरी जोडता येणाऱ्या धातूच्या पट्टीवर) आणावी आणि बसबारपासून बॅटरीपर्यंत एकच जाड केबल न्यावी. जवळचा बोल्ट किंवा इंजिनाचा सांगाडा परतीचा मार्ग म्हणून वापरू नये. तसे केल्यास बिल्जच्या ओलीतून गळणारा प्रवाह पाण्याखालच्या धातूच्या भागांना काही आठवड्यांत पोखरू शकतो, आणि तळाशी असलेला पाण्याचा व्हॉल्व्ह असा पोखरला गेला तर बोट बुडते.

बसबारच्या एका खिळीवर चारपेक्षा जास्त लग चढवू नयेत. पॅनेलच्या मागे प्रत्येक वायरीला वीतभर जादा लांबी ठेवावी, कारण दोन वेळा लग कापून नवा दाबण्याची वेळ येतेच.

७. वायर ओढणे

वायरी जमेल तितक्या उंचावरून, बिल्जच्या वरून न्याव्यात. दर ४५ सेंटिमीटरवर आधार द्यावा. भोक पाडून वायर पार करताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी रिंग) घालावा. फायबरची कापलेली कड करवतीसारखी असते. उपकरणात शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते आणि उपकरणात शिरत नाही. होकायंत्राजवळून जाणारी जोडी पिळून न्यावी, नाहीतर प्रवाह चालू होताच सुई हलते.

८. एक जोड नीट कसा करावा

सगळ्या कामाचे आयुष्य यावर ठरते, म्हणून येथे घाई नको. आधी हीट श्रिंकचा तुकडा वायरीवर सरकवून ठेवावा. लग दाबल्यावर तो आठवणे हा प्रत्येकाचा अनुभव आहे. लगाच्या नळीइतकेच आवरण सोलावे आणि एकही तंतू कापला गेला तर ते टोक छाटून पुन्हा सोलावे. तंतू हलकेच पिळून नळीत पूर्ण घालावेत, पलीकडच्या तोंडाशी ते जेमतेम दिसले पाहिजेत. रॅचेट स्वतःहून सुटेपर्यंत पक्कड दाबावी. मग लग एका हाताने आणि वायर दुसऱ्या हाताने धरून चांगली ओढावी. सुटली तर ती आत्ताच सुटलेली बरी. त्यानंतर हीट श्रिंक वर सरकवून हॉट एअर गनने गरम करावी. दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर आलेली दिसली की जोड बंद झाला असे समजावे.

सोल्डर करूनच जोड पक्का होतो, असा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. सोल्डर संपते तिथे वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते, त्यामुळे केवळ सोल्डरवर विसंबू नये. पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड तर कुठेही ठेवू नये. उन्हाने टेपचा गोंद पाघळतो आणि आत मीठ साठते.

९. डोलकाठी आणि जहाजदिवे

डोलकाठीतल्या वायरी पाइपातून न्याव्यात, नाहीतर रात्रभर त्या आतून आपटत राहतात. वरच्या टोकाला त्यांचा भार ताण रोखणाऱ्या पकडीवर असावा, दिव्याच्या टर्मिनलवर नव्हे.

स्विचची मांडणी १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांप्रमाणे करावी. शिडावर चालणाऱ्या २० मीटरपेक्षा लहान बोटीला डाव्या बाजूचा तांबडा, उजव्या बाजूचा हिरवा आणि मागचा पांढरा हे तिन्ही दिवे डोलकाठीच्या टोकावरच्या एकाच कंदिलात दाखवण्याची मुभा आहे. इंजिन चालू केले की, शिडे वर असली तरी, बोट यांत्रिक ठरते. मग तो तिरंगी कंदील बंद करून खालचे बाजूचे दिवे, मागचा दिवा आणि डोलकाठीवरचा पुढे दिसणारा पांढरा दिवा लावावा लागतो. वरचे आणि खालचे रंगीत दिवे एकाच वेळी पेटलेली बोट मी करंजा-मांडव्याच्या वाटेवर पाहिली आहे; ती शिडाची आहे की इंजिनाची हे समोरच्या तांडेलाला कळायला मार्ग नव्हता. यासाठी साधा चेंजओव्हर स्विच बसवावा, म्हणजे दोन्ही संच एकत्र पेटूच शकत नाहीत.

स्वस्त एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफमध्ये खरखर येते. डोलकाठी उभी करण्यापूर्वी रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबणारे बटण) खरखर जेमतेम थांबेल इतका ठेवावा आणि दिवा चालू करून खरखर परत येते का ते ऐकावे. डोलकाठी उभी झाल्यावर ही चूक निस्तरायला वर चढावे लागते.

१०. बिल्ज पंप

पंपाची स्वयंचलित वायर मुख्य स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह घ्यावी. बोट बंद करून आपण घरी गेल्यावरच तिची खरी गरज असते. फ्यूज पंपावर छापलेल्या आकड्याचाच घालावा. कचरा अडकून पंप जाम झाला की तो जास्त प्रवाह ओढतो, आणि मोठा फ्यूज असेल तर आधी पंप जळतो. पंपाजवळचे जोड शक्यतो बिल्जच्या वर, हाताला लागतील असे घ्यावेत.

११. बॅटरी जोडण्यापूर्वी आणि नंतरच्या चाचण्या

सर्व स्विच बंद ठेवून पॅनेलच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हमध्ये मल्टिमीटरने रेझिस्टन्स पाहावा. तो जवळजवळ अनंत दिसला पाहिजे. मग बॅटरी थेट न जोडता पॉझिटिव्हमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब मालिकेत घालावा. सगळे बंद असताना बल्ब प्रखर पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे वायर जळत नाही आणि शांतपणे शोध घेता येतो.

शॉर्ट नसेल तर बॅटरी जोडून प्रत्येक उपकरण चालवावे. ते चालू असताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून उपकरणाच्या पॉझिटिव्हपर्यंतचे व्होल्ट मोजावेत, तसेच निगेटिव्हचेही, आणि दोन्हींची बेरीज दुसऱ्या टप्प्यातल्या हिशेबाशी ताडून पाहावी. फार जास्त आली तर जोड खराब आहे. वायर बदलण्याआधी जोड तपासावा.

शेवटी सर्व स्विच बंद करून, पंपाची स्वयंचलित वायर सोडून, बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये अँपिअर मीटर घालावा. तिथे शून्य हवे. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही इंजिन सुरू करू नये. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो आणि मीटर तिथेच संपतो.

१२. पाण्यात उतरल्यावर

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली की पहिली फेरी संध्याकाळची ठेवावी, म्हणजे दिवे लावून दुसऱ्या होडीतून सर्व बाजूंनी पाहता येतात. रेडिओवरून प्रक्षेपण करताना व्होल्टमीटरवर नजर ठेवावी, कारण २५ वॅटवर तो पाच-सहा अँपिअर ओढतो आणि कच्चा जोड तेव्हाच उघडा पडतो. महिन्याभराने प्रत्येक टर्मिनलचा स्क्रू पुन्हा आवळावा. बारीक तंतू दाबाखाली बसतात आणि पहिल्या महिन्यात हमखास सैल होतात. वायरिंगचा सुधारित नकाशा लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा आणि पुढे एखादी वायर वाढवली तर त्याच दिवशी त्यावर मार्करने काढावी.